तुमच्यासारखे किती पेशंट इथे येतात?

कॅन्सर पसरलाय असं कळल्यावर घरात जे वाद होतात, त्यांत हॉस्पिटलचा वाद ठरलेला. एक जण म्हणतो, जवळचंच बरं, डॉक्टर ओळखीचे आहेत, वेळी-अवेळी धाव घेता येते. दुसरा म्हणतो, मोठ्या ठिकाणी न्या, तिथे अशा केसेस रोज येतात. तिसरा जरा उशिराने, आवाज खाली आणून विचारतो, आता या स्टेजला कुठेही नेलं तरी काय फरक पडणार? तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. कुणाचं म्हणणं कुठे लागू पडतं, हे सांगता येईल इतका अभ्यास गेल्या चार दशकांत झालेला आहे.

आधी ‘रुग्णसंख्या’ म्हणजे काय ते पक्कं करू. ओपीडीतली गर्दी, खाटांची संख्या, इमारतीचे मजले यांचा इथे संबंध नाही. अभ्यासक मोजतात ते एवढंच, की एका हॉस्पिटलात वर्षभरात त्याच आजाराचे किंवा त्याच ऑपरेशनचे किती पेशंट झाले. हजार खाटांच्या हॉस्पिटलात स्वादुपिंडाची ऑपरेशनं वर्षाला तीनच होत असतील, तर त्या ऑपरेशनपुरतं ते हॉस्पिटल लहानच. उलट, बाहेरून साधं दिसणारं एखादं केंद्र एकाच प्रकारच्या कॅन्सरचे दीडशे पेशंट बघत असेल, तर त्या कॅन्सरसाठी ते मोठं. नावाजलेलं आणि अनुभवी यांत आपली गल्लत होते ती इथेच.

या सगळ्याची सुरुवात कॅन्सरपासून झालेली नाही. १९७९ साली अमेरिकेत लुफ्त, बंकर आणि एन्थोव्हेन या तिघांनी १,४९८ हॉस्पिटलांमधली १२ प्रकारची ऑपरेशनं तपासली. हृदयाची आणि रक्तवाहिन्यांची काही ऑपरेशनं वर्षाला २०० किंवा जास्त करणाऱ्या हॉस्पिटलांत मृत्यूचं प्रमाण २५ ते ४१ टक्क्यांनी कमी निघालं. खुबा बदलण्याच्या ऑपरेशनमध्ये मात्र ५० ते १०० चा टप्पा गाठला की फायदा जवळजवळ पूर्ण पदरात पडत होता, आणि जठरातलं आम्ल कमी करण्यासाठी व्हेगस मज्जातंतू कापण्याच्या ऑपरेशनमध्ये तर संख्येचा काही संबंधच दिसला नाही. म्हणजे पहिल्याच अभ्यासात उत्तर ‘अवलंबून आहे’ असं आलं होतं. पुढे या संशोधनाच्या बातम्या झाल्या तेव्हा नेमका हा भाग गळाला.

२००२ मध्ये बर्कमायर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या २५ लाख ऑपरेशनांचा हिशेब मांडला. स्वादुपिंडाचा भाग काढण्याचं ऑपरेशन ज्या हॉस्पिटलांत वर्षाला सरासरी एकही होत नव्हतं, तिथे १६.३ टक्के पेशंट दगावत होते. वर्षाला १६ हून जास्त ऑपरेशनं करणाऱ्या ठिकाणी हेच प्रमाण ३.८ टक्के होतं. त्याच अभ्यासात, मेंदूकडे रक्त नेणारी मानेतली धमनी साफ करण्याच्या ऑपरेशनमध्ये दोन टोकांतला फरक ०.२ टक्के एवढाच होता. एकीकडे दर शंभरात बारा माणसं, दुसरीकडे दर हजारात दोन.

साहजिकच वाटतं की सर्जनचा हात बसलेला असतो, म्हणून हा फरक पडत असणार. काही ऑपरेशनांत ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण २००९ मध्ये गफेरी, बर्कमायर आणि डिमिक यांनी ८४ हजारांवर पेशंटांची माहिती तपासली, तेव्हा वेगळंच चित्र समोर आलं. सर्वांत कमी मृत्यू होणाऱ्या हॉस्पिटलांत २४.६ टक्के पेशंटांना ऑपरेशननंतर गुंतागुंत झाली होती, सर्वांत जास्त मृत्यू होणाऱ्यांत २६.९ टक्के. म्हणजे जवळजवळ सारखीच. फरक पडला तो त्यानंतर. गंभीर गुंतागुंत झालेल्यांपैकी चांगल्या हॉस्पिटलांत १२.५ टक्के दगावले, वाईट हॉस्पिटलांत २१.४ टक्के.

याचा अर्थ वॉर्डात उभं राहून बघायला हवा. स्वादुपिंडाचं ऑपरेशन व्यवस्थित पार पडलंय, पाचवा-सहावा दिवस आहे. पोटातल्या नळीतून येणाऱ्या पाण्यात थोडंसं ताजं रक्त दिसतं आणि मग थांबतं. नाडी नव्वदवरून एकशे दहावर गेलेली असते, पेशंट ‘बरं वाटतंय’ म्हणतो. जिथे अशी ऑपरेशनं नेहमी होतात, तिथल्या नर्सला माहीत असतं की हे थोडंसं रक्त मोठ्या रक्तस्रावाची आगाऊ वर्दी असू शकतं. ती रात्रीच फोन करते, स्कॅन होतो आणि मांडीतल्या धमनीतून तार घालून फुटू पाहणारी रक्तवाहिनी आतूनच बंद करणारा रेडिओलॉजिस्ट तासाभरात हजर होतो. जिथे असं ऑपरेशन वर्षातून दोनदा होतं, तिथे ड्रेसिंग बदलतात आणि सकाळच्या राउंडची वाट पाहतात. या दोन्ही ठिकाणच्या सर्जनचा हात सारखाच कुशल असू शकतो.

इथवर सगळी गोष्ट ऑपरेशनची झाली. पसरलेल्या कॅन्सरमध्ये मात्र बहुतेकांचं मोठं ऑपरेशन होतच नाही. केमो, गोळ्या, इम्युनोथेरपी, रेडिएशन हेच मुख्य उपचार असतात, आणि औषध तर सगळीकडे एकच. मग संख्येचा संबंध उरतो कुठे?

याचं सर्वांत बोलकं उत्तर वृषणाच्या कॅन्सरमध्ये मिळालं. हा कॅन्सर पसरलेला असतानाही केमोने पूर्ण बरा होऊ शकतो, त्यामुळे उपचार कसे झाले याचा परिणाम त्यात लगेच दिसतो. युरोपातल्या उपचारांच्या एका चाचणीत (क्लिनिकल ट्रायलमध्ये) या कॅन्सरचे बिकट अवस्थेतले ३८० पेशंट होते. औषधं कुठली, डोस किती, सायकल (केमोची एकेक फेरी) कधी, सगळं आधी लिहून दिलेलं होतं. १९९९ मध्ये कोलेट आणि सहकाऱ्यांनी हॉस्पिटलनिहाय निकाल काढले. चाचणीत पाचहून कमी पेशंट आणलेल्या हॉस्पिटलांत दोन वर्षांनी ६२ टक्के पेशंट हयात होते, पाच किंवा जास्त आणलेल्या हॉस्पिटलांत ७७ टक्के. कागदावर उपचार तंतोतंत एकच असताना हा फरक पडला. कारणं शोधताना दिसलं, की कमी अनुभवाच्या ठिकाणी केमोची तीव्रता ठरल्याप्रमाणे राखली गेली नव्हती. केमोनंतर उरलेल्या गाठी काढण्यातही फरक होता, पण आकडेवारीच्या कसोटीवर ठाम उतरला तो डोसचा मुद्दा.

हे कसं घडतं ते कळणं अवघड नाही. पांढऱ्या पेशी उतरतात, पेशंट गळून जातो, नातेवाईक काकुळतीला येतात आणि डॉक्टर दयेपोटी पुढची सायकल आठवडाभर ढकलतात. बऱ्याच पसरलेल्या कॅन्सरमध्ये, जिथे उद्देश आजार आटोक्यात ठेवण्याचा असतो, तिथे डोस कमी करणं हाच शहाणपणा असतो. या विशिष्ट कॅन्सरमध्ये मात्र तीच दया अंगाशी येते. कुठे रेटायचं आणि कुठे सोडायचं हे पुस्तकात लिहिलेलं असतं, पण ऐन वेळी त्यावर ठाम राहण्याचं बळ असे पेशंट पाहिलेले असले की येतं.

रेडिएशनमधलं उदाहरण मला याहूनही महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात चूक कुठे झाली ते थेट तपासलं गेलं. डोकं आणि मान या भागातल्या वाढलेल्या कॅन्सरसाठी एका नव्या औषधाची आंतरराष्ट्रीय चाचणी झाली होती. रेडिएशन देण्याआधी डॉक्टर स्कॅनच्या एकेका स्लाइसवर रेघ मारून ठरवतात, की किरण कुठे पोचायला हवेत आणि कुठे नकोत. गाठ, आसपासच्या ग्रंथी, पाठीचा कणा, लाळग्रंथी, सगळ्यांच्या सीमा हाताने आखायच्या असतात. चाचणीच्या तज्ज्ञांनी नंतर हे आराखडे स्वतंत्रपणे तपासले आणि २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १२ टक्के पेशंटांच्या आराखड्यांत इतक्या गंभीर त्रुटी होत्या, की त्यांमुळे गाठ आटोक्यात येण्यात अडथळा येईल असं तज्ज्ञांचं मत पडलं. अशा पेशंटांपैकी दोन वर्षांनी ५० टक्के हयात होते, सुरुवातीपासून आराखडा बरोबर असलेल्यांपैकी ७० टक्के. चाचणीतल्या नव्या औषधाचा मात्र काहीच फायदा दिसला नाही.

आणि या त्रुटी कुठे जास्त होत्या? पाचहून कमी पेशंट आणलेल्या केंद्रांत २९.८ टक्के पेशंटांच्या आराखड्यांत, २० किंवा जास्त आणलेल्या केंद्रांत ५.४ टक्के. तेव्हा यंत्र कुठल्या कंपनीचं आणि किती नवं, यापेक्षा रेघ कोण मारतंय आणि ती दुसरं कोणी तपासतंय का, हे आधी विचारायला हवं.

अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये पुन्हा ऑपरेशन येतं, आणि तेही आजार पोटभर पसरलेला असताना. २००२ मध्ये ब्रिस्टो आणि सहकाऱ्यांनी तिसऱ्या-चौथ्या स्टेजच्या ६,८८५ पेशंटांवरचे अभ्यास एकत्र केले. ज्या गटांमध्ये ७५ टक्क्यांहून जास्त पेशंटांच्या गाठी जवळजवळ पूर्ण काढता आल्या होत्या, तिथे आयुर्मानाचा मध्यक ३३.९ महिने होता, आणि जिथे हे २५ टक्के किंवा त्याहून कमी जणींत जमलं, तिथे २२.७ महिने. (मध्यक म्हणजे निम्मे पेशंट ज्याच्यापेक्षा जास्त जगले तो काळ. ‘डॉक्टरांनी इतके महिने दिलेत’ असा त्याचा अर्थ लावू नये.) हे ऑपरेशन तासन्‌तास चालतं, कधी आतडं कापून जोडावं लागतं, कधी यकृतावरचं आवरण सोलावं लागतं. ते वरचेवर करणाऱ्या टीमलाच झेपतं. म्हणूनच युरोपातल्या स्त्रीरोग-कॅन्सर तज्ज्ञांच्या संघटनेने अशी ऑपरेशनं एका केंद्रात वर्षाला किमान २० आणि आदर्श म्हणजे १०० व्हावीत, असा निकष ठेवला आहे.

आता दुसरी बाजू, कारण एवढ्यावर थांबलं तर वाचणारा लगेच सामान बांधायला घेईल.

मोठ्या केंद्रांत जाणारे पेशंट आणि जवळच राहणारे पेशंट सारखे नसतात. जो चार तास गाडीत बसू शकतो, तो मुळात तितका तब्येतीने धड असतो. त्याच्याकडे पैसा असतो, रजा घेऊ शकणारा मुलगा किंवा बहीण असते. जो फार आजारी आहे, त्याला कोणी कुठे हलवतच नाही, आणि त्याचा मृत्यू जवळच्या लहान हॉस्पिटलच्या खात्यात नोंदला जातो. शिवाय कारण आणि परिणाम उलटेही असू शकतात. निकाल चांगले म्हणून पेशंट तिथे पाठवले जातात आणि संख्या त्यातून वाढते.

मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेतल्या कॅन्सरच्या एका अभ्यासात ही फसगत आकड्यांत पाहता येते. अमेरिकेतल्या ९४ हजारांवर पेशंटांची ही माहिती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. सर्वांत कमी पेशंट असलेल्या हॉस्पिटलांच्या गटात आयुर्मानाचा मध्यक २६.९ महिने, सर्वांत जास्त असलेल्या गटात ४९.१ महिने. नुसते हे आकडे पाहिले तर मोठ्या हॉस्पिटलात गेल्याने आयुष्य जवळजवळ दुप्पट होतं असं वाटेल. पण वय, उत्पन्न, विमा, इतर आजार वगैरे गोष्टी जमेस धरून हिशेब पुन्हा केला, तेव्हा लहान हॉस्पिटलांत मृत्यूचा धोका २२ टक्क्यांनी जास्त, एवढाच फरक उरला. २२ टक्के म्हणजे थोडे नव्हेत. पण पहिल्या आकड्यांनी जे स्वप्न दाखवलं होतं, त्यातला मोठा वाटा हॉस्पिटलचा नव्हे, तिथवर पोचू शकलेल्या माणसांचा होता. बातमीत किंवा जाहिरातीत असे आकडे दिसले, तर ते या दुरुस्तीआधीचे की नंतरचे, हे पहिल्यांदा पाहावं.

मग संख्येऐवजी सरळ त्या हॉस्पिटलचा निकालच विचारला तर? ‘आमच्याकडे गेल्या वर्षी एकही पेशंट दगावला नाही’ हे ऐकायला छान वाटतं. समजा एका ठिकाणी वर्षाला पाच ऑपरेशनं होतात आणि तिथला खरा धोका दहा टक्के आहे, म्हणजे बऱ्यापैकी जास्त. तरीही निव्वळ योगायोगाने वर्षभरात एकही मृत्यू न होण्याची शक्यता ५९ टक्के निघते. वर्षाला शंभर ऑपरेशनं करणाऱ्या उत्तम केंद्रात धोका तीन टक्के असला, तरी तिथे वर्षाला साधारण तीन मृत्यू दिसतीलच. लहान आकड्यांत शून्याला काही किंमत नसते. संख्या विचारायची ती यासाठी, की निकालापेक्षा ती कमी फसवते. तरीही ती एक खूणच आहे. कमी पेशंट घेऊनही अतिशय काटेकोर काम करणारी हॉस्पिटलं असतात, आणि गर्दीत पेशंटची फाइलच सापडत नाही अशी मोठी केंद्रंही असतात.

सरकारांना मात्र कुठेतरी रेघ ओढावीच लागते. नेदरलँड्सने २०११ पासून अन्ननलिकेच्या कॅन्सरच्या ऑपरेशनसाठी वर्षाला किमान २० ची अट घातली. जर्मनीने अन्ननलिकेसाठी २०२३ पासून २६ आणि स्वादुपिंडासाठी २०२५ पासून २० हा आकडा ठरवला. १९ वर असलेलं हॉस्पिटल २१ वाल्याहून वाईट असतं असं कोणताच अभ्यास म्हणत नाही. या अटींचा उपयोग एवढाच, की वर्षाला दोन-तीन करणाऱ्यांनी थांबावं.

पेशंटला तरी लांब जायचं असतं का? १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ऑपरेशनसाठी आलेल्या १०० जणांना विचारलं गेलं. समजा तुम्हाला स्वादुपिंडाचं ऑपरेशन करायचंय, चार तासांवरच्या मोठ्या केंद्रात मृत्यूचा धोका ३ टक्के आहे आणि जवळच्या हॉस्पिटलात ६ टक्के, तर कुठे कराल? ४५ जण म्हणाले, जवळच. धोका दुप्पट आहे हे कळूनही. मला यात अडाणीपणा दिसत नाही. आजार पूर्ण बरा होणार नसेल तेव्हा तर घरापासून लांब काढलेला प्रत्येक आठवडा हा आयुष्यातूनच वजा होतो.

शिवाय पसरलेल्या कॅन्सरमध्ये आयुष्य वाढवणाऱ्या काही गोष्टींना मोठ्या इमारतीची गरज नाही. २०१० मध्ये टेमेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये निदानानंतर लगेच पॅलिएटिव्ह केअर (वेदना आणि इतर त्रास कमी करणारे उपचार) जोडली, तर आयुर्मानाचा मध्यक ८.९ वरून ११.६ महिन्यांवर गेला. २०१७ मध्ये बाश यांच्या चाचणीत केमो चालू असलेल्या पेशंटांनी आपला त्रास घरून ऑनलाइन कळवायचा, तो वाढला की नर्सला सूचना जायची आणि नर्स फोन करायची. एवढ्यावर मध्यक २६.० वरून ३१.२ महिने झाला. दोन्ही चाचण्या मोठ्या केंद्रांत झाल्या हे खरं, पण दुखणं वेळेवर विचारणारी नर्स आणि उलट फोन करणारा डॉक्टर ही लहान हॉस्पिटललाही परवडणारी गोष्ट आहे.

म्हणून ‘कुठलं हॉस्पिटल’ असा एकच प्रश्न विचारू नये, उपचाराचे टप्पे सुटे करून पाहावेत. निदान पक्कं करणं, पहिला आराखडा ठरवणं, मोठं ऑपरेशन, अवघड जागेचं रेडिएशन, आणि दुर्मीळ कॅन्सर असेल तर सगळंच, इथे अनुभवाचं वजन जास्त. ठरलेल्या केमोच्या सायकल, रक्ततपासण्या, सलाईन, वेदनांवरचे उपचार हे जवळ होऊ शकतं, आणि बऱ्याचदा जवळच नीट होतं. ट्यूमर बोर्ड म्हणजे सर्जन, केमोचे डॉक्टर, रेडिएशनचे डॉक्टर आणि पॅथॉलॉजिस्ट एकत्र बसून एका केसवर निर्णय घेतात ती बैठक. तुमची केस तिथे ठेवली गेली का, हे विचारायला संकोच करू नये. ‘या प्रकारच्या कॅन्सरचे वर्षाला किती पेशंट तुम्ही स्वतः बघता?’ हाही रास्त प्रश्न आहे. ज्याला उत्तर माहीत असतं तो चिडत नाही.

सेकंड ओपिनियनला जाताना रिपोर्टचे मोबाइलवरचे फोटो पुरत नाहीत. बायोप्सीच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक पॅथॉलॉजी लॅबकडून मागून घ्यावेत, कारण नव्या केंद्रातला पॅथॉलॉजिस्ट त्या स्वतः पुन्हा बघतो, आणि कधी कधी निदानच बदलतं. स्कॅनची सीडी न्यावी, आधी दिलेल्या केमोच्या तारखा आणि डोस लिहिलेला कागद न्यावा. निघताना तिथल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावं, की कोणता भाग जवळच्या हॉस्पिटलात करायचा, किती दिवसांनी पुन्हा दाखवायचं आणि मधे काही झालं तर कुणाला फोन करायचा. केमोनंतर १००.४ फॅरेनहाइट किंवा जास्त ताप आला, तर तो फोन गाडीत बसल्यावर करावा आणि गाडी जवळच्या हॉस्पिटलकडे न्यावी. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला लागतं, आणि चार तासांवरचं केंद्र कितीही अनुभवी असलं तरी त्या तासात ते उपयोगी पडत नाही.